साडेनऊ मार्क

मी एका माणसाला चित्रासाठी दहापैकी साडेनऊ मार्क दिले आणि तो पुन्हा जुगाराला लागला. यात माझी चूक काय, ते ऐकणाऱ्याला पटकन कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. सगळी नोकरी दौंडला शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, मग मुलाकडे शिरूरला राहायला आले. केस काळे करत होते, सुनेच्या रांगोळीत चुका काढत होते आणि शिरूरला आपल्यावाचून अडलंय असं धरून चालले होते. आज ती बाई समोर आली तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन.

शिरूरला एका हॉलवर दर रविवारी सकाळी एक गट जमायचा. पत्ते, मटका, मोबाईलवरची रमी यातून सुटू बघणारी सात-आठ माणसं. गट चालवणारी समुपदेशक माझ्या सुनेच्या वयाची होती. तिच्याकडे उपदेश नव्हता, शपथा नव्हत्या. चित्र काढायचं, माती मळायची, कधी पत्र्याचा डबा वाजवायचा, कधी एखादा प्रसंग करून दाखवायचा आणि जे बाहेर येईल त्याच्याशी बोलायचं. चांगलं झालं की वाईट, हे कुणी म्हणायचं नाही. मला हसू आलं होतं. चांगलं-वाईट म्हणायचं नाही, तर मग चित्रकलेच्या बाईनं तिथं करायचं काय?

मी रंग-कागदाची मदत करायला जायचे. मग तिला ताप आला आणि दोन रविवार गट माझ्या हाती आला. तिनं फोनवर बजावलं, "काकू, कागद द्या, रंग द्या आणि गप्प बसा." पहिल्या दोन गोष्टी मी व्यवस्थित केल्या.

गटात पस्तिशीचा एक माणूस होता. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. राहायला दौंडला, पण तिथं कुणी ओळखीचं बघेल म्हणून मुद्दाम एसटीनं शिरूरला यायचा. त्याला मोबाईलवरच्या रमीचं वेड होतं, तेव्हा ते सगळं राजरोस चालायचं. बायकोनं स्वच्छ सांगितलं होतं, यापुढं खेळलात तर मुलीला घेऊन पाबळला माहेरी जाईन, न्यायला येऊ नका. सहा आठवडे तो खेळला नव्हता. हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, म्हणजे मलाही माहीत होतं.

त्या रविवारी विषय होता, हात मोबाईलकडे जातो ती वेळ. त्यानं कंपनीची बस काढली. बसमध्ये माणसं नव्हतीच, प्रत्येक सीटवर नुसता एकेक अंगठा बसलेला. इतक्या वर्षांत मी असं चित्र पाहिलं नव्हतं. ते त्याला सांगायचं सोडून मी पर्समधून लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, साडेनऊ.

"बाई, अर्धा कुठं गेला?"

"अंगठ्याच्या सावलीत. पुढच्या वेळी बघू."

पुरे दहा मी कधीच कुणाला दिले नव्हते. हातचे थोडे राखले की पोरं आणखी झटतात, हा माझा सिद्धांत. स्टाफरूममध्ये मी तो न विचारता सांगायचे.

पुढच्या रविवारी तो कागदांची गुंडाळी घेऊन आला. तीच बस, अकरा वेळा काढलेली. मी खूश. म्हटलं, गडी रंगला. त्यातलं शेवटचं निवडून मी पावणेदहा दिले. कागद परत घेताना तो हसला, पण चित्राकडे त्यानं पाहिलंच नाही, नुसता आकडा पाहिला. हे आता आठवतं. तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून सावली कशी पडते ते शिकवत होते.

तिसऱ्या रविवारी तो आला नाही. बरी होऊन परतलेल्या समुपदेशकानं फोन केला. बायकोनं उचलला. गुरुवारी बसमध्ये खेळले, म्हणाली. मग मी समुपदेशकाला त्या अकरा चित्रांबद्दल सांगितलं, मार्कांसकट. तिनं फोन बाजूला ठेवला.

"काकू, सपशेल हरलेला माणूस कधीतरी उठतो. एका पानानं डाव हुकला की उठत नाही, लगेच पुढचा लावतो. तुम्ही त्याला अर्ध्या मार्कानं हुकवलंत. मग पाव मार्कानं."

"अगं, मी प्रोत्साहन देत होते."

"रमीवालेपण तेच देतात."

सगळा दोष तुमचाच, असं ती म्हणाली नाही. तेवढी मोठी मी नाहीच. पण माझा वाटा होता. त्याला विचारून, त्याची हरकत नाही असं कळल्यावर मी दौंडला त्याच्या घरी गेले. दार बायकोनं उघडलं. तो पहिल्या पाळीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बसा बाई," ती म्हणाली. "तुमच्या त्या अर्ध्या मार्कापायी घरात दुसरा इषयच न्हवता. पोरीचे रंग संपिवले. चपाती वाढली तर म्हणायचं, हिला किती द्यायचे?"

"माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यानं पाठ न वळवताच उत्तर दिलं, "तुमी कुठं खेळलाय, बाई. खेळलो मी."

"ते खरं. पण मार्क मी दिले. ते परत घेते."

आता तो वळला. "परत घेत्यात व्हय मार्क?"

"मीही पहिल्यांदाच घेतेय."

बायको हसली नाही. चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "बाईंच्या समोरच सांगते. रविवारी हे शिरूरला गेले तर मी थांबन. न्हाईतर पाबळची गाडी."

रविवारी दोघंही आले. ती बाहेर पायरीवर बसून राहिली. आत माती होती. या खेपेला समुपदेशकानं मलाही गोलात बसवलं. हात सवयीनं गणपती करू लागले, तर तिनं येऊन त्याची सोंड मोडली. मग माझ्याकडून फुटक्या बटाट्यासारखं काहीतरी झालं.

"बाई, हे काय हाय?" शेजारून त्यानं विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"बरं हाय," तो म्हणाला आणि थांबला. "म्हंजी, बरं-वाईट म्हणायचं न्हाई आपल्याला."

त्यानं वांग्याएवढा अंगठा केला होता. समुपदेशक म्हणाली, "अंगठ्याला बोलू द्या." तो लाजला, मग अंगठा हातात धरून त्याच्या आवाजात बोलायला लागला. "मी काय करू? दिवसभर हातमोज्यात कोंडलेला असतो. सुटलो की मला कायतरी काम पायजे. कवा इचारलंय का कुणी, तुला काय पायजे म्हणून?"

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

त्यानं अंगठा उलटसुलट फिरवून पाहिला. "म्हाईत न्हाई अजून," अंगठा म्हणाला.

नख चुकीच्या बाजूला होतं. मी जीभ दातांत धरली. शेवटी सगळ्यांनी आपापली माती मोडून बादलीत टाकली. तिनं त्यातला एक गोळा ओल्या फडक्यात बांधून त्याला दिला, बसमध्ये अंगठ्याला काम म्हणून.

दौंडच्या गाडीला वेळ होता. मी दोघांबरोबर स्टँडपर्यंत गेले. तो गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेला, तेव्हा मी तिला हळूच विचारलं, मग पाबळचं काय? ती त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "माहेरची पिशवी भरलेलीच हाय, बाई. एवढ्यात काय मी ती रिकामी करत न्हाई. फकस्त आज घरी गेल्यावर दारामागनं उचलून माळ्यावर टाकीन."