खालच्या आळीचं जोडघर

पुराचं पाणी ओसरल्यावर मातीच्या घराला एक वास येतो. ओल्या भिंतींचा, कुजलेल्या गवताचा, फुगलेल्या ज्वारीचा आणि कुठून तरी वाहत आलेल्या निर्गुडीच्या पाल्याचा तो संमिश्र गंध नाकाला नकोसा होतो, पण एकदा मनात शिरला की तिथून हलत नाही. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना उन्हाळा आठवतो, आटलेले आड आठवतात. जिथं आभाळाकडं पाहून पाहून माना दुखतात, तिथं पुराची धास्ती कोण बाळगणार?

आम्ही तर मुळीच बाळगली नाही. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या त्या वर्षांत गावोगाव शाळा निघत होत्या आणि ह्यांची मास्तर म्हणून नेमणूक अणदूरच्या पुढं, बोरी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठच्या गावी झाली. गाव आवडलं, घर बांधायचं ठरलं आणि जागा मी निवडली. माझं माहेर येरमाळ्याकडचं. अर्धं बालपण डोक्यावरच्या घागरीखाली गेलेलं. वरच्या आळीतली उंच, खडकाळ जागा मिळत असताना मी भाळले ती ओढ्यालगतच्या तुकड्यावर. भर वैशाखात तिथं हरळी हिरवीगार होती, आणि विहीर अशी, की जरा वाकलं तर पाण्यात आपलं तोंड दिसावं. तहानेत वाढलेल्या डोळ्यांना हिरवळीत फक्त पाणी दिसतं. ओढा इथवर येऊन जातो म्हणूनच ही हरळी सुकत नाही, हे त्या डोळ्यांना सुचणार तरी कसं? ह्यांनाही सुचलं नाही. हे भूमचे, म्हणजे माझ्याहून तहानलेले.

पांढऱ्या मातीच्या भिंती उठल्या, वर माळवदाचं सपाट मातीचं छत चढलं. आमची होती नव्हती ती पुंजी त्या भिंतींत गेली. ह्यांचा स्वभाव मात्र सावध. सोलापूरच्या एका ओळखीच्या विमा एजंटांना त्यांनी घर दाखवायला बोलावलं. त्यांनी चहा घेतला, भिंतीवर दोनदा टिचकी मारली, ओढ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि फार सौजन्यानं म्हणाले, "मास्तर, तुमच्या जिवाचा विमा म्हणाल तर आत्ता उतरवतो. ह्या भिंतींना पुराचा विमा मात्र कुणी द्यायचा नाही." पुढं कित्येक दिवस, तुम्ही भिंतीपेक्षा टिकाऊ निघालात, असं म्हणून मी ह्यांना चिडवत असे.

खरा विमा गावात होता, पण तो आम्हाला दिसला नव्हता. तो दाखवला नीलव्वानं. वरच्या आळीतली ही वयस्क शेतकरीण. घरात कानडी बोलायची आणि आमच्याशी मराठी. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, खाली घर बांधलाव, मग वर कुणाचं घर धरलाव?" मला काही कळेना. तेव्हा तिनं मला शेजारच्या वाटेकडं पाहायला सांगितलं. खालच्या आळीच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन वर निघाल्या होत्या.

गावाची रीत अशी. खालच्या प्रत्येक घराला वरच्या आळीत एक जोडघर असे. भादव्याचा पाऊस ओढ्याला फुगवतो, म्हणून गौरी उठल्या की बियाण्याची ज्वारी, वर्षाचं धान्य, देव्हाऱ्यातले टाक असं सगळं जोडघरी जाई आणि घटस्थापनेला देव पुन्हा खाली येत. पाणी चढलंच तर माणसंही तिथंच जात. उलट उन्हाळ्यात वरचे आड आटले, की वरची माणसं आपापल्या जोडघराच्या विहिरीवर येत. खालच्यांना उंचवटा हवा आणि वरच्यांना पाणी. दोघांच्या उणिवा एकमेकींत अशा बसवून टाकणारं ते चतुर मन कुणाचं असेल? मला तर त्या अनामिक पूर्वजांना हात जोडावेसे वाटतात.

"माझ्या घरी जागा हाय," नीलव्वा म्हणाली आणि आमचं वर्षाचं धान्य नि देव तिच्या कोठीत गेले. हे हसत होते, पण त्यांनी अडवलं नाही.

त्याच भादव्यात, उत्तरा नक्षत्राच्या पावसात ओढा चढला. दिवसाढवळ्या, शाळा भरलेली असताना. आधी विहीर काठोकाठ आली, मग अंगणात लालसर पाणी मुकाट्यानं पसरलं. नीलव्वाचा मुलगा बसप्पा मला हाताला धरून वर घेऊन गेला. तिच्या अंगणातून मी पाहत होते. ओढ्याकडची आमची भिंत खालून भिजत गेली, जरा वाकली आणि बसली. माळवदाचा एक कोपरा तिच्यामागून गेला. फार आवाजसुद्धा झाला नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही ढिगाऱ्याशी उभे होतो. पडलेलं घर उचलण्याचीही रीत होती: गावातल्या प्रत्येक घरानं पांढऱ्या मातीच्या पाट्या आणि अंगमेहनत द्यायची. पण ह्यांनी मला जपून सांगितलं, "आपण नवे. कुणाच्या भिंतीला आपण अजून मूठभर माती घातलेली नाही. वाट पाहू नकोस. मी बदलीचा अर्ज करतो." मला रडू आलं. भिंतीपेक्षा त्या बोलण्यानं आलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारी वरच्या वाटेनं बायका येताना दिसल्या. सर्वांत पुढं नीलव्वा, डोक्यावर पाटी. मागून बसप्पा आणि पुरुष, कुदळी घेऊन. मी तिला गाठून म्हटलं, "नीलव्वा, तुम्ही आमच्यासाठी कशाला? आम्ही तर अजून कुणाला काही दिलं नाही." तिनं पाटी ओतली, पदरानं घाम पुसला. "भिताड पडलंय का न्हाय, एवढं बगायचं. कुणाचं हाय ते मागनं बगू." आणि बसप्पाला हाक मारून म्हणाली, "मास्तरास्नी सांग, जोतं कंबरंइतकं घ्या आता. दगडाचं घ्या." ह्यांनी सदरा काढून ठेवला आणि ते ओढ्यातले दगड उचलायला लागले.

दसऱ्याला आम्ही नव्या भिंतीला चुना दिला. तरीही मला एक रुखरुख होती. घर उभं राहिलं होतं, पण ते गावाच्या दयेवर उभं होतं, असं वाटे. ज्यानं नुसतं घेतलंच आहे, त्याला ह्या व्यवहारात खरी जागा असते का? पाहुण्यालाही लोक जेवू घालतात. म्हणून तो घरचा होतो का? मी कुणाच्या मदतीला धावले, की लोक म्हणत, "राहू द्या बाई, तुमी मास्तरीण." ते आदरानं म्हणत आणि मला ते लागे.

पुढच्या वैशाखात वरचे आड आटले. एका सकाळी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. नीलव्वाची सून, गंगव्वा, घागर घेऊन अंगणात आली. हाक नाही, "घेऊ का?" नाही. सरळ विहिरीवर गेली, आमचाच दोर सोडला, पाणी शेंदलं. दोर तुटायला आलेला पाहून माझ्याकडं वळून चक्क रागावली, "बाई, दोर बदला की. किती दिवस झाले?" आणि भरली घागर घेऊन चालती झाली.

इतकं सुख मला कुणाच्या रागावण्यानं कधी झालं नव्हतं. सूप तसंच ठेवून मी आत गेले आणि ह्यांना सांगितलं, "अहो, आपल्या घराचा विमा उतरला."