शेवटच्या मुलीला किती चेंडू

माझा मेहुणा बावीस वर्षं मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. दिवसा छापखान्यात, संध्याकाळी मैदानावर. गुडघा गेला म्हणून त्याचं स्वतःचं खेळणं चोविसाव्या वर्षी सुटलं. तो कधी खाडा करत नाही. अंगात ताप असला तरी जाळी स्वतः बांधतो. एवढं त्याच्या बाजूने लिहिलं. आता बाकीचं.

मुली त्याला मागून ‘रेडिओ’ म्हणतात. तो बोलायला लागला की थांबत नाही.

यंदा क्रीडा मंडळाने ठरवलं की प्रत्येक प्रशिक्षकाने आधी मंडळाच्या बाईंकडून स्वतः शिकायचं. पहिली तपासणी, मग दोन महिने वर्ग, मग दुसरी तपासणी. तिच्यात नापास झाला तर संघ दुसऱ्याकडे. रेडिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“माझ्या हाताखालच्या पोरींच्या पोरी आता खेळायला येतात,” तो आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून ओरडला. “आणि ही कालची बाई मला शिकवणार? दाजी, तुम्हाला कोणी शिकवलं होतं?”

“फोरमनने. शिव्या देऊन.”

पहिल्या तपासणीला त्याच बाई येणार होत्या आणि मोजणी करायला त्यांना क्लबकडून एक माणूस हवा होता. रेडिओने माझं नाव दिलं. बहिणीचा नवरा, घरचा माणूस, सांभाळून घेईल. मी बत्तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढली. भरलेले साचे मोजल्याशिवाय कधी घरी आलो नाही आणि फुटलेला साचा कधी मोजणीत धरला नाही. हे त्याला माहीत असायला हवं होतं.

बाईंनी माझ्या हातात घड्याळ दिलं आणि रांगेतली शेवटची, चष्मा लावणारी मुलगी दाखवली. “तिचा हात चेंडूला किती वेळा लागतो ते लिहा. आणि सर किती मिनिटं बोलतात ते.”

बावीस मुली, एकच रांग. वापरात एक चेंडू. बाकीचे तेरा पिशवीत, झिजतील म्हणून. तासाभरात रेडिओ चौतीस मिनिटं बोलला. चष्मेवालीचा हात चेंडूला नऊ वेळा लागला. उरलेला वेळ ती नखं खात उभी होती.

रेडिओने कागद पाहिला आणि मला बाजूला ओढलं.

“दाजी, पुढे एक शून्य टाका. कोणाच्या बापाचं काय जातंय?”

“त्या पोरीचं जातंय.”

“बावीस वर्षं राबलोय मी इथे!”

“तू राबलास. ती उभी राहिली.”

कागद मी बाईंना दिला. मी घरी पोहोचायच्या आत त्याचा फोन पोहोचला होता.

“पाठचा भाऊ आहे माझा,” बायको ताट आपटत म्हणाली. “एक शून्य लिहिताना हात झडला असता का तुमचा?”

“नऊच होते.”

“मग आता नऊ दिवस स्वतःच्या हाताने करून खा.”

खाल्लं.

वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि बाईंशी भांडायचा. एका रविवारी बाईंनी त्याचाच मैदानावरचा आवाज रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवला. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, “बंद करा ते.” त्यानंतर भांडणं थांबली. राग तसाच राहिला.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी तो बाईंना म्हणाला, “मोजायला दाजी नकोत.”

“मला तेच हवेत,” बाई म्हणाल्या.

अकरा जोड्या, अकरा चेंडू. मोजायची तीच चष्मेवाली. रेडिओ सात मिनिटं बोलला. बाकी वेळ दात आवळून जोडीजोडीपाशी फिरत होता, कोणाचं कोपर सरळ कर, कोणाचा पाय पुढे घे. तास संपला तसा तो माझ्या अंगावरच आला.

“किती?”

“दोनशे बारा.”

“दोनशे चौदा! मीही मोजत होतो.”

“दोनदा चेंडू तिच्या डोक्याला लागला. ते धरले नाहीत.”

“धरले असते तर मेला असतात का?”

“चूक झाली असती.”

तो मला काहीतरी म्हणाला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी कागदावर सही केली. संघ त्याच्याकडेच राहिला. आमच्या घरी तो अजून येत नाही.