पाहुण्याच्या शेपटीवर ठरणारा उन्हाळा

नागपूरचा उन्हाळा कधी सुरू होतो हे पंचांगाला कळत नाही आणि वेधशाळेलाही कळत नाही; ते फक्त माझ्या मामेसासऱ्यांना कळत असे. साऱ्या शहराचे कूलर ज्या विजेवर फिरतात ती तयार करण्यात, कोराडीच्या वीजकेंद्रात, त्यांची हयात गेली. पण कॉलनीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरचा कूलर एका न्यूटच्या परवानगीशिवाय चालू होत नसे. न्यूट म्हणजे दिसायला पाल आणि जातीने बेडकाचा भाऊबंद. लोक दार्जिलिंगहून चहा आणतात. मामांनी थर्मासमध्ये ओल्या शेवाळात गुंडाळून हा प्राणी आणला. गाडीत मामींनी चहाच्या आशेने झाकण उघडले आणि पार रायपूरपर्यंत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. घरी त्याचे नाव पडले 'पाहुणा', आणि पाहुणा काही जायचे नाव घेईना.

पाहुण्याला वर्षाकाठी दोन बिऱ्हाडे लागत. थंडीभर तो जमिनीवर, संत्र्याच्या पेटीत ओल्या तणसाखाली निजून असे. उन्हे तापली की त्याला पाणी हवे. मग मुक्काम कूलरच्या टाकीत. त्याचा पाय अडकू नये म्हणून पंपाला मामींची पिठाची चाळणी बांधलेली. पण पाण्यात कधी उतरायचे हे पाहुणा ठरवणार. मी एकदा ऐन एप्रिलात घामाने निथळत त्यांच्याकडे पोचलो, तर मामा भिंग घेऊन पेटीत वाकलेले. "कूलर?" मी आशेने विचारले. "जावईबापू, आणखी चार रोज थांबा. शेपटी चपटी झाली का त्याले पानी पाहिजे. सध्या गोल आहे." जावयाला आमरस मिळाला, पुरणपोळी मिळाली, वारा तेवढा मिळाला नाही. दिवाळीत याच्या उलट. पाहुणा पाण्यातून निघेना आणि पाणी हलते राहावे म्हणून कूलर बंद होईना. ओवाळताना निरांजन विझे. मामी शाल लपेटून ओरडत, "दिवाळीत कूलर चालवून राहिले हे! लोक काय म्हनतीन?" मामा शांतपणे विचारत, "लोकायले शेपटी आहे का वं?"

एका वर्षी होळी झाली, पाडवा झाला, तरी पाहुणा तणसाखालून बाहेर आला नाही. मामा रोज पेटीवर पाणी शिंपडत. तणस उचलून पाहण्याची मात्र त्यांची छाती होईना. एरवी फाल्गुनापासून कूलरसाठी भांडणाऱ्या मामी त्या वर्षी चकार शब्द बोलल्या नाहीत. शेजारणीने कूलर लावायचे सुचवले, तर तिच्यावरच उखडल्या, "काहून घाई करता वं? उठू द्या ना त्याले."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथेच होतो. मामी भाजी निवडत होत्या आणि पदराने पुन्हा पुन्हा मान पुसत होत्या. मामा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग उठले, पेटीपाशी गेले आणि तणस उचलले. क्षणभर पाहिले, पुन्हा नीट पसरून ठेवले आणि बादल्या आणून टाकी भरू लागले. "चल वं," ते बटणाकडे हात नेत म्हणाले, "उन्हाळा लागला."

"थांबा जी," मामी म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या, चाळणी घेऊन आल्या आणि दरवर्षीसारखी पंपाला घट्ट बांधली. मग म्हणाल्या, "हं, लावा आता."

ज्या वाऱ्यासाठी मी इतकी वर्षे तरसलो होतो तो अंगावर आला, आणि मला अजिबात गोड लागला नाही.