अडकित्त्याने कापलेली गोळी

माझ्या सासूचे हात मी लग्न होऊन आले तेव्हाच बिघडलेले होते. सकाळी उठली की बोटं मिटलेली, मनगटं सुजलेली. लुगड्याचा काष्टा तिला स्वतःला खोचता येत नसे. मी पाठीमागे उभी राहून खोचायची आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. सुनेकडून हे करून घ्यायला तिला आवडत नव्हतं. मलाही आवडत होतं असं नाही. पण घरात आम्ही दोघीच. सासरे कधीच वारलेले, नवरा मुंबईला नोकरीला.

तरुणपणी हीच बाई आचऱ्याच्या आमच्या वाडीतली बाळं न्हाऊ घालायला जायची. पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर बाळ पालथं घालायचं, खोबरेल तेलाने रगडायचं आणि कढत पाण्याने न्हाणायचं. वाडीतले कितीतरी बाप्ये तिच्या पायांवर न्हालेले. रस्त्यात भेटले की ती त्यांना सांगायची, तू किती रडायचास ते. ते लाजायचे. हात गेल्यावर तिला कोणी बोलवायचं बंद झालं.

साठ सालानंतरची गोष्ट. नवऱ्याने तिला मुंबईला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्याने संधिवात सांगितला आणि एक लहान पांढरी गोळी दिली. पंधरा दिवस घ्या आणि परत दाखवा, म्हणाला. आठव्या दिवशी सासूच्या मुठी उघडल्या. मग परत दाखवायला कोण जातो? ती बोटीने घरी आली आणि आल्या आल्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून एक अख्खा नारळ खवून दाखवला. मी वाटप वाटायला घेतलं तर मला उठवून पाट्यावर स्वतः बसली. त्याच जुन्या चिठ्ठीवर नवरा दीड वर्ष गोळ्या घेऊन पाठवत राहिला. त्यात चूक आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याने गुण येतो ते औषध, एवढंच आम्हाला ठाऊक.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. त्या वर्षी मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे माहेरी बाळंतपणाला जायचा प्रश्न नव्हता. सासू मला काही गोड बोलली नाही. माळ्यावरून न्हाणीतला जुना पाट काढला, चिंच लावून तांब्याचा हंडा घासला आणि न्हाणीत नेऊन ठेवला. पाचवा महिनासुद्धा लागला नव्हता मला.

तिचं तोंड त्या दिवसांत गोल झालं होतं, गाल वर आलेले. शेजारीण म्हणायची, नातवंडाच्या आशेनेच म्हातारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आम्हीही तेच समजलो. मग तिला तहान लागायला लागली. पाण्याची कळशी दुपारपर्यंत संपायची. मागच्या दारी ती लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग लागलेली मी पाहिली आणि राख टाकली. दुसऱ्या दिवशी परत रांग. तेव्हा मी तिला एसटीत घालून मालवणला नेलं. आधी निरोप धाडला तेव्हा डॉक्टरांनी उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं, त्यामुळे ती वाटभर कुरकुरत होती.

डॉक्टरांनी निळ्या औषधात तिच्या लघवीचे थेंब टाकून नळी तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखं लाल. म्हणजे साखर भरपूर. मग दंडातून रक्त काढून नळी लाकडी चौकटीत उभी केली आणि आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावून नळी दाखवली. रक्त खाली बसलं होतं. वर पिवळसर स्वच्छ पाणी यायला हवं, असं ते म्हणाले. हिच्या नळीत वर पांढरं होतं, दाट.

सासू वाकून बघून म्हणाली, "ह्यो तर नारळाचो रस."

डॉक्टर हसले नाहीत. ती चरबी आहे, म्हणाले. साखर अंगाला लागत नाही म्हणून चरबी रक्तात तरंगते. असंच राहिलं तर एखाद्या दिवशी पोटात असं दुखेल की आचऱ्याहून इथवर पोचणार नाही, नाहीतर काळीज थांबेल. मग त्यांनी पांढऱ्या गोळीची चौकशी केली, किती दिवस घेते ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. साखर त्या गोळीने वाढवली होती, गालही तिनेच वर आणले होते. पण एकदम सोडायची नाही, त्यानेही माणूस जातो. दर पंधरा दिवसांनी पाव गोळी कमी करायची.

सासूने एकच विचारलं. "आणि हात?"

हात परत आखडतील, म्हणाले. डॉक्टर लोक फार फिरवून बोलतात, हे बोलले नाहीत म्हणून मला ते आवडले.

"माका चार म्हयने देवा," सासू म्हणाली. "नातवंड न्हाणलंय की मगे काय ता होवंदे."

डॉक्टर म्हणाले, चार महिने माझ्या हातात नाहीत, आजी.

घरी येताना एसटीत ती माझ्या पोटाकडे बघत बसली होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी अडकित्ता घेऊन बसायला लागले. सुपारी कातरायचाच अडकित्ता, कढत पाण्याने धुतलेला. गोळी मध्ये धरायची, हळू दाबायचं, अर्धी, मग पाव. भुगा उडाला तर ती बोट ओलं करून टिपून चाटायची. मी बघून न बघितल्यासारखं करायची. साखरेवरची वेगळी गोळी होती, ती घ्यायला मात्र तिला दहा वेळा सांगावं लागे. डॉक्टरांनी मला नळी आणि निळं औषध दिलं होतं. परसातल्या चुलीवर डब्यात पाणी उकळून त्यात मी नळी धरायची. चौथी शिकलेली बाई मी, पण रंग ओळखायला शाळा लागत नाही. लाल होतं त्याचं दोन महिन्यांत पिवळं झालं, मग हिरवं.

आमटीतला नारळ मी मुठीवरून चिमटीवर आणला. ती जेवताना म्हणायची, आज आमटी केलीस की ताट धुतलंस? मी म्हणायची, ताट धुतलं, प्या. पेज, बांगडा भाजलेला, पडवळाची भाजी. सगळं जेवायची.

आणि नळीतला रंग जसा उतरत गेला, तसे हात मिटत गेले. आधी नारळ खवणं सुटलं, मग भाकरी थापणं. सातव्या महिन्यात मी परत तिचा काष्टा खोचायला लागले. माझं पोट मध्ये यायचं. आम्ही दोघी त्यावरून हसलो, एकदाच.

त्याच आठवड्यात तिने मला नवऱ्याला पत्र लिहायला बसवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी पत्रं माझ्याच हातची. तिने सांगितलं, गोळ्या संपत आल्या, साखर उतरली आहे, आता पहिल्यासारख्या दोन डबे गोळ्या पाठव, डॉक्टर काय म्हणतो ते ऐकू नको, माझे हात मला बाळासाठी हवेत, आईचं एवढं ऐक. बरंच सांगितलं. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, "गोळ्या अजिबात पाठवू नयेत. आईंची प्रकृती सुधारत आहे." आणि तिला तिचंच सगळं परत म्हणून दाखवलं, जणू वाचते आहे. आयुष्यात मी खोटं फार बोलले नाही. ते बोलले. मला आई नव्हती, एवढं एकच कारण होतं आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

मुंबईहून पार्सल आलं. त्यात बाळासाठी मऊ कापड, माझ्यासाठी डिंक. गोळ्या नव्हत्या. तिने कापड दोन मनगटांत धरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. मी म्हटलं, विसरला असेल. ती म्हणाली, असेल.

मुलगी झाली. बारा दिवस सुईणीने न्हाणलं. तेराव्या दिवशी शेजारीण तेलाची वाटी घेऊन आली तर सासू आधीच न्हाणीत. पाटावर बसलेली, लुगडं गुडघ्यांवर ओढलेलं, पाय लांब केलेले. बोटं मिटलेली, मांडीवर. शेजारणीला म्हणाली, तू घरी जा. आणि मला हाक मारली.

मी म्हटलं, आई, तुमच्या हातांनी कसं होणार. बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, हे तिनेच मला दहा वेळा सांगितलेलं.

"पत्राच्या दिशी मी सांगलंय आठ वळी," ती म्हणाली. "तुजो टाक चललो दोन वळी. माका वाचूक येणा नाय, पण कान आसत."

मी हातातली मुलगी छातीशी धरली. मग विचारलं, तेव्हाच का नाही बोललात.

"बोललंय असतंय तर तू रडत दुसरा पत्र लिवला असतंस." तिने पाय थोडे जवळ घेतले, मध्ये फट राहू नये म्हणून. "हात तुजे, पाय माजे. घाल हडे तिका. पालथी. मान धर आधी."

मी मुलगी तिच्या पायांवर घातली. पाणी किती कढत ते बोटांनी नाही, कोपराने बघायचं, हे तिने शिकवलं. पाठ खालून वर रगडायची, टाळूवर तेल थापायचं पण दाबायचं नाही. मी चुकले की ती मिटलेल्या मुठीने माझ्या मनगटावर ठोसा मारायची. मुलगी बेंबीच्या देठापासून रडत होती.

त्यानंतर ती नऊ वर्षं होती. माझी तिन्ही मुलं तशीच न्हाली. तिसऱ्याच्या वेळेला मला सगळं येत होतं, तरी ती पाटावर बसून पाणी बघायला सांगायचीच. मी कोपर घालून बघायची.