कापसाच्या खोलीतली गिटार

अजिनाथला गिटार शिकवली कल्याणने. दोघं नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या एका चाळीत शेजारी राहायचे. कल्याण राहुरीकडचा, अजिनाथपेक्षा वयाने मोठा. आठवडाभर लेथवर काम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. अजिनाथ पाथर्डी तालुक्यातला. आईवडील हिवाळा लागला की श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याची निम्मी शाळा गावात झाली आणि निम्मी कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. पुढे आयटीआय करून तो एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर लागला.

संध्याकाळी कल्याणच्या खोलीतून आवाज यायचा. अजिनाथ आधी नुसता उंबऱ्याशी बसायचा, मग आत बसायला लागला. कल्याण फार बोलत नसे. बोटं कुठं ठेवायची ते दाखवायचा, चुकलं की गिटार स्वतःकडे घेऊन पुन्हा दाखवायचा. वर्षभराने अजिनाथने स्वतःची गिटार घेतली. त्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी मुलाला काही छंद आहे का असं विचारलं, तेव्हा त्याची आई पुष्पावतीबाई म्हणाल्या, की कसला छंद, तो ड्युटी करतो. लग्न होऊन दिपाली नागापूरला आली तेव्हा खोलीत कपाटाआधी तिला गिटार दिसली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अपघात झाला. प्रेसखाली पत्र्याचा तुकडा तिरका बसला होता. तो सरळ करायला अजिनाथने डावा हात आत घातला आणि मशिन खाली आलं. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. शेजारच्याच वर्कशॉपमधून धावत आलेला कल्याणच त्याला मोटारसायकलवर मधे बसवून, मागे दुसऱ्या कामगाराला धरायला लावून दवाखान्यात घेऊन गेला. जखम भरल्यावर अजिनाथला दुसऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. बेअरिंग, हातमोजे, वंगणाचे डबे काढून द्यायचे आणि संगणकात नोंद करायची. ते त्याला जमत होतं.

गिटार जमत नव्हती. डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी तारा दाबून पाहिल्या, पण त्यांच्यात तेवढा जोर नव्हता. कल्याणने तारा उलट्या चढवून दिल्या, म्हणजे उजव्या हाताने दाबायचं आणि डाव्याने छेडायचं. अजिनाथने तेही काही आठवडे केलं. बोटांच्या खुंटांना तार लागली की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. शेवटी त्याने तारा पुन्हा सरळ चढवल्या, गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर बोटांविषयी आणि गिटारीविषयी तो घरात काहीच बोलला नाही. दिपालीनेही विचारलं नाही. पुढे कल्याणला चाकणला नोकरी लागली आणि तो चाळ सोडून गेला.

मोबाईलवर संगीत करता येतं हे अजिनाथला स्टोअरमधल्या एका पोराने हळदीच्या व्हिडिओसाठी केलेला ढोलकीचा तुकडा ऐकून कळलं. त्याने त्या पोराकडचंच ॲप घेतलं. एका बोटाने पडद्यावर टिचकी मारली की ढोलकी वाजायची, दुसरीकडे मारली की बासरी. जेवणाच्या सुट्टीत कानात हेडफोन घालून तो सूर एकापुढे एक मांडत बसायचा. ढोलकी बरी होती, बासरीही चालण्यासारखी होती. गिटार लावली आणि त्याने हेडफोन काढून ठेवला. तो आवाज गिटारीचा नव्हता. सगळ्या तारा एकाच क्षणी वाजत होत्या आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारख्याच. बाजाच्या पेटीवर गिटारीचं चित्र चिकटवल्यासारखं वाटत होतं.

पण विषय डोक्यातून गेला नाही. तो खऱ्या आवाजाच्या शोधाला लागला. एका ॲपमधली गिटार सुरुवातीला छान वाजायची, पण तार छेडल्यावर आवाज जो हळूहळू विरतो, तो मधेच कापलेला असायचा. दुसरीत नायलॉनच्या तारा होत्या, त्याला पोलादी तारांचा आवाज हवा होता. फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या फायली त्याने इतक्या उतरवल्या की फोन भरला आणि दिपालीला बहिणीच्या बाळाचा व्हिडिओ घेता येईना. ती चिडली. त्याने निम्म्या फायली काढून टाकल्या.

हळूहळू त्याच्या काही गोष्टी लक्षात आल्या. हात जाड तारेकडून बारीक तारेकडे जातो, म्हणून सूर एकदम न मांडता एकामागे एक, अगदी किंचित सरकवून मांडायचे. हात वर येताना उलट, आणि जरा हलक्याने. एकाच जोराचे दोन ठोके शेजारी ठेवायचे नाहीत. एवढं केल्यावर गिटार पुष्कळ सुधारली. त्याने एक लहानशी चाल बसवली आणि कल्याणला पाठवली.

कल्याणचा फोन संध्याकाळी आला. चाल चांगली आहे, ठेका नीट आहे, असं सगळं बोलून तो म्हणाला, "पण यात हात दिसत न्हाई रे."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो घाईने पुन्हा ठेक्याविषयी बोलायला लागला.

"हाताचंच तर अवघड हाय, भाऊ," अजिनाथ म्हणाला. आणि मग, स्वतःलाही वाटलं नव्हतं इतक्या सहज त्याने विचारलं, की आपलीच गिटार रेकॉर्ड केली तर? एकेक सूर वेगळा घ्यायचा आणि फोनमध्ये भरायचा. मग पडद्यावर बोट ठेवलं की आपलीच गिटार वाजेल. कल्याण म्हणाला की तसं करतात, मी येऊन वाजवून देतो. पण त्याला सुट्टी मिळेना. एक महिना गेला, दुसराही गेला.

अजिनाथचा उजवा हात धड होता. छेडायला तो पुरेसा होता. प्रश्न दाबण्याचा होता. त्याने एका रविवारी दिपालीला विचारलं. ती म्हणाली की मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणाला, कळायचं काही नाही, मी सांगेन त्या जागी तार घट्ट धरायची.

चादर सोडली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. गिटार दोघांच्या मांडीवर आडवी घेतली. तिने दांडा धरला, त्याने तारा छेडल्या. पण खोलीला फरशी आणि कोऱ्या भिंती, त्यामुळे प्रत्येक सूर हंड्यात बोलल्यासारखा घुमायचा. शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर मधेच सुरू व्हायचा. तो थांबला की कुणाचा तरी मिक्सर. रेकॉर्ड केलेलं सगळं त्यांनी पुसून टाकलं.

दिवाळीला दोघं गावी गेले, तेव्हा गिटारही बरोबर नेली. पुष्पावतीबाईंनी ती पाहिली आणि कोपऱ्यात ठेवायला जागा करून दिली. गुडघ्यांमुळे त्यांनी ऊसतोड आता सोडली होती, कोरडवाहू रानात कापूस लावला होता. वेचणी सुरू होती आणि घराची मागची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरत आली होती. अजिनाथ पोतं टाकायला आत गेला आणि त्याने आईला हाक मारली. हाक तिथल्या तिथंच मुरली. त्याने टाळी वाजवून पाहिली. घुमणं नावालाही नव्हतं. तो बाहेर आला आणि दिपालीला म्हणाला, "गिटार घेऊन आत ये."

कापसात दोघांपुरती जागा केली. फोन एका पालथ्या पाटीवर ठेवला. पुष्पावतीबाई अंगणात बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला जरा गप राहा म्हणून सांगायला. शेळ्या त्यांनी लांब बांधल्या, तरी एक मधेच ओरडलीच.

काम कंटाळवाणं होतं. एक तार, एक जागा. आधी हलक्याने, मग जोरात. आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघांनी श्वास धरायचा, मग पुढची जागा. दिपालीचं बोट किंचित सैल पडलं की तार कुरकुरायची आणि पुन्हा करावं लागायचं. सगळे सूर घ्यायची गरज नव्हती. मधले एकदोन सोडले तर ॲप शेजारचा सूर ओढून भरून काढतं. पण फार ओढला की तो लहान मुलाच्या आवाजासारखा लागतो, म्हणून अजिनाथ शक्यतो सोडत नव्हता. कापसाची ऊब आणि बारीक तंतू यांनी दोघांची नाकं चोंदली.

दुपारी दिपालीने हात सोडवून बोटं पाहिली. टोकांवर तारांच्या लाल रेघा उमटल्या होत्या.

"तुमची बी बोटं अशीच दुखायची का?" तिने विचारलं.

"सुरुवातीला लई," तो म्हणाला. "मग टोकं कडक झाली. नंतर काय वाटायचं न्हाई." जरा वेळाने तो म्हणाला, "अजून दुखतात कधी कधी. नसलेली."

दिपालीला हे माहीत नव्हतं. झोपेत तो डावा हात उशीखाली का घालतो याचा तिने कधी अर्थ लावला नव्हता. तिने त्याचा हात घेतला, खुंटांवर अंगठा फिरवून पाहिला. कुठं दुखतं ते तिने विचारलं आणि त्याने हवेतल्या जागा दाखवल्या. फोन पाटीवर चालूच होता. ते बोलणं रेकॉर्ड झालं. अजिनाथने नंतर फोनमधले नकोसे तुकडे काढून टाकले, तेव्हा ते तेवढं वेगळं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उरलेले सूर झाले. नागापूरला आल्यावर सूर कापून, जागच्या जागी बसवण्यात त्याचा सगळा हिवाळा गेला. पहिल्यांदा त्याने पडद्यावर बोट ठेवलं तेव्हा गिटार तर वाजलीच, शिवाय सूर संपताना बोट तारेवरून उचलल्याचा बारीक चर्र आवाजही आला. तो त्याने मुद्दाम घेतला नव्हता. इतक्या ॲपमध्ये जे मिळालं नव्हतं ते हे होतं. त्याने जुनीच चाल नव्या आवाजात केली आणि कल्याणला पाठवली.

कल्याणने दोनदा ऐकून फोन केला. दाबलंय कुणी, असं त्याने विचारलं. दिपालीने, असं सांगितल्यावर म्हणाला, की तिसऱ्या तारेवर वहिनी जरा घाबरत दाबतात. ते खरंच होतं.

आता अजिनाथ आपल्या चाली एका लहान चॅनलवर टाकतो. लग्नाच्या, बारशाच्या व्हिडिओंसाठी लोक मागून नेतात. त्याने गिटारीचे सगळे सूर कुणालाही वापरता येतील असे ठेवून दिलेत. कुणीतरी कोल्हापूरहून विचारलं होतं, हा आवाज कोणत्या स्टुडिओतला. त्याने पाथर्डी तालुका असं उत्तर दिलं. दिपालीने मधे गिटार शिकून पाहिली. त्याने शिकवलं, तिने थोडे दिवस मन लावून केलं आणि मग मला यात गोडी नाही असं सांगून सोडून दिलं. रेकॉर्डिंगला मात्र ती बसते.

कारण त्याला आता संबळ हवा आहे. कुठल्याही ॲपमधला संबळ त्याला पटत नाही. उन्हाळ्यात दोघं गावी गेले तेव्हा त्याने शेजारच्या वस्तीवरच्या गोरक्षनाथांना बोलावलं. ते पिढीजात गोंधळी. कापूस कधीच विकला गेला होता, म्हणून दिपालीने खोलीत चारी बाजूंना गोधड्या टांगल्या. अजिनाथने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकेक ठोका सुटा वाजवायला सांगितला. गोरक्षनाथांनी एक ठोका दिला, कान देऊन ऐकला आणि मान हलवली.

"चामडं सैल लागतंय. उन्हात ठिवतो थोडं, मग घ्या," ते म्हणाले, आणि संबळ उचलून बाहेर गेले.

अजिनाथने रेकॉर्डिंग थांबवलं. दिपाली चहा टाकायला उठली.