माळकरी अक्कांचा कोळंबी पास्ता

आमच्या अक्का एकदा “करसू” म्हणाल्या, की घरातल्यांनी मुकाट्याने बाजूला व्हायचं. अहिराणीत करसू म्हणजे करीन. अक्कांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ ‘आता मला अडवून तर दाखवा’ असा असे. साठी उलटल्यावर त्या स्कूटी शिकायला निघाल्या आणि दोनदा दारातल्या कडुलिंबावर जाऊन आदळल्या. सासरे म्हणाले, “पुरे आता.” अक्का म्हणाल्या, “करसू.” आठवड्याभरात त्या एकट्या देवपुरातल्या बाजारात जाऊन मेथीच्या चार जुड्या घेऊन आल्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याचं शेतकरी घर आणि गळ्यात तुळशीची माळ. घरातले पुरुष मटण खात, पण ते मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात आणि स्वतः शिजवून. त्या दिवशी अक्का तिकडे फिरकायच्याही नाहीत. आणि सून आली कोण, तर मी. उरणजवळच्या गावची, मासळीच्या वासात वाढलेली. माझे बाबा जहाजावर कुक होते. सुट्टीवर आले की आईला स्वयंपाकघराबाहेर काढून लसूण घातलेला कोळंबी पास्ता करायचे. लग्न ठरलं तेव्हा आईला एकच काळजी होती, “अगं, धुळ्याला तू खाशील काय?”

दोन वर्षं मी सगळं आवडीनं खाल्लं. मग मला तिसरा महिना असताना बाबा गेले. त्यानंतर पोटात काही टिकेना. पाण्याचा घोटसुद्धा परत यायचा. पाचवा महिना लागला तरी वजन वाढायचं सोडून उतरतच होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “बाळाची वाढ मागे पडतेय. या आठवड्यात अन्न टिकलं नाही, तर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल.” अक्कांनी भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, लापशी केली. ताट पुढे आलं की मी तोंड फिरवायची.

शेवटी त्या माझ्या उशाशी येऊन बसल्या. “काय खावानं मन शे तुनं? सांग ना माय.”

मी वैतागून म्हटलं, “बाबा करायचे तसा कोळंबी पास्ता. मिळेल तुमच्या घरात?”

टोमणाच होता तो, खोटं कशाला बोलू? बाबा गेल्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता आणि समोर अक्का होत्या. त्यांचा हात माळेवर गेला. त्या म्हणाल्या, “डोहाळा शे तो. करसू.”

माझा नवरा पार गडबडला. “आई, अगं तुझी माळ?”

“माळ मना गळामा शे. तिना गळामा नही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी थेट मच्छीबाजारात. नवरा मागे बसून गेला होता, त्यानंच नंतर सगळं रंगवून सांगितलं. नाकाला पदर लावून अक्का आमच्या गल्लीतल्या रफिकचाचांच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. चाचा दचकलेच. “अक्का, रस्ता चुकल्या का?” अक्कांनी लांबूनच कोळंबीकडे बोट केलं. “हाई कव्हळ मरेल शे?” ही कधी मेली, असं चाचांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नसेल. सुरतेकडून बर्फात आलेला ताजा माल आहे, असं त्यांनी शपथेवर सांगितलं आणि पाठीतला काळा दोरा काढून कोळंबी साफ करून दिली.

पास्त्याचं पाकीट फोडल्यावर मात्र अक्का खूश झाल्या. “ह्या तं शेवया शेतस!” शेवयांत त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. त्यांनी पास्ता मोडून बारीक केला आणि तुपावर खरपूस भाजला. कोळंबीला मटणाचा न्याय लावला. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा काळा मसाला आणि चुलीवर तब्बल तासभर शिजवणं! कोळंबीचं रबर झालं. मांजरीनं एक उचलली, बराच वेळ चावली आणि तिथेच टाकून गेली. मला तर वासानंच उलटी झाली.

अक्का चिडल्या नाहीत. पातेलं घासून पालथं घातलं आणि म्हणाल्या, “तुनी मायले फोन लाव.”

बाबा गेल्यापासून आई फोनवर ‘हं’च्या पुढे बोलत नव्हती. तिला कशाला त्रास, असं मी म्हणत होते, पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी पुन्हा कोळंबी आणि पास्ता आणून मागच्या अंगणात विटेला फोन टेकवला, शेगडी पेटवली आणि काल काय काय केलं ते आईला इत्थंभूत सांगितलं.

“अहो विहीणबाई, तासभर?” आई ओरडलीच. “पाच मिनिटंसुद्धा नको! लाल होऊन वाकली की उतरवा!” आणि ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचं हसणं ऐकलं. हसता हसता ती रडायला लागली. अक्का स्क्रीनकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “रडी ल्या, इहीनबाई. मना लसूण सोलाना बाकी शे.”

मग आई एकेक सांगत गेली आणि अक्का करत गेल्या. बाबांच्या ऑलिव्ह तेलाऐवजी शेंगदाण्याचं तेल, गावरान लसणाचे दोन अख्खे गड्डे. हिरव्या मिरच्या आईनं सांगितल्याच नव्हत्या, पण अक्कांना राहवलं नाही. शेवटी आई म्हणाली, “आता मीठ तेवढं चाखून बघा.”

नवरा पुढे सरकला, “मी चाखतो.”

“निवद कोनी चाखस का?” अक्का म्हणाल्या. “पहिला घास तिना.”

चाळीस वर्षं त्यांनी न चाखता देवाचा नैवेद्य रांधला होता, पुरणापासून कढीपर्यंत. तसंच इथे केलं. तळहातावर मीठ घेतलं, आलेल्या वाफेवर वाकल्या, डोळे मिटून वास घेतला आणि चिमूटभर काढून बाकीचं पातेल्यात टाकलं.

मी बाजेवर बसून खाल्लं. बाबांच्या पास्त्यासारखा तो अजिबात नव्हता, मिरचीनं तर ठसका लागला. पण कोळंबी मऊ होती आणि मीठ अगदी बेतशीर. ताटली संपली. अक्का समोर पाटावर बसून राहिल्या. अर्धा तास झाला, तास झाला. पोटातलं पोटात राहिलं.

“आखो लेस का?” अक्कांनी विचारलं. आणखी घेतेस का?

मी दुसरी ताटली घेतली आणि ती खाता खाता बाबांसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. अक्कांनी मला रडू दिलं. मग त्या आंघोळ करून देवापाशी दिवा लावायला गेल्या. बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला त्यांनी ते पातेलं चढवलं. लेक चांगली गुटगुटीत झाली.

त्यानंतर अक्का आठ वर्षं होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी पाय चेपत होते, तेव्हा त्यांनी अचानक विचारलं, “कसं लागस व ते?”

“काय अक्का?”

“तुना पास्ता.”

“कोळंबी गोडसर असते,” मी म्हटलं, “आणि जराशी खारी. समुद्राच्या वाऱ्यासारखी.”

“आन समुंदर कसा ऱ्हास?” समुद्र कसा असतो?

माझा हात थांबला. दर मे महिन्यात मी लेकीला घेऊन माहेरी जायची. आईसाठी बिबड्याचे पापड आणि मिरचीची चटणी बांधून देऊन अक्काच आम्हाला स्कूटीवरून स्टँडवर सोडायच्या आणि बस हलेपर्यंत उभ्या राहायच्या. माहेरच्या दारापासून समुद्र दहा मिनिटांवर. आठ वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, अक्का, तुम्हीपण चला.

“बऱ्या झालात की नेते तुम्हाला,” मी म्हणाले.

“लई जाजो,” घेऊन जा, असं त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. दहा दिवसांनी त्या गेल्या. माझ्या मनातलं त्यांनी टोमण्यातूनसुद्धा ओळखलं होतं. त्यांना काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही.