अनुदान आणि मागची भिंत

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी, लग्नाआधी एक वर्ष जपानात राहून आलेली, विमानात एकटीने बसलेली बाई म्हणजे धाडसीच असणार, असं आमच्या गावाने परस्पर ठरवून टाकलं आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मला विजेची भीती वाटते, विहिरीत वाकून बघायची भीती वाटते, आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त भीती आमच्याच स्वयंपाकघराची वाटते.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या बाजूला. आमच्या भागात जमिनीतून आवाज येतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो, मग रात्री मुक्कामाला राहत नाही. लांबून जड ट्रक यावा तशी घरघर सुरू होते, फक्त रस्त्यावर ट्रक नसतो. मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात आणि थांबतात. कधी नुसता आवाज, कधी त्याच्या पाठोपाठ धक्का. लोक दारात येऊन एकमेकांना "तुमच्याकडं आला का?" असं विचारतात, पाहुण्याची चौकशी करावी तसं. मग कोणीतरी किल्लारीचं नाव काढतं, आणि बाया लेकरांना जवळ ओढतात.

घराच्या पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या आहेत. मागचं स्वयंपाकघर सासऱ्यांच्या वेळचं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. वर पत्रे, आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड. धक्के वाढले तेव्हा तहसीलची माणसं येऊन सांगून गेली, पत्र्यांवरचे दगड काढून टाका. काढले. पुढच्याच वादळात एक पत्रा उडून शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन पडला आणि त्याची म्हैस दोन दिवस दूध देईना. पुन्हा दगड ठेवले. तेव्हापासून मी भाकरी थापताना एक डोळा तव्यावर आणि एक डोळा भिंतीवर ठेवायला शिकले. भाकऱ्या करपायच्या आणि त्यावरून बोलणी बसायची.

जपानला मी गेले होते ती नांदेडला कॉलेजात असताना, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली. ते वर्ष दुसऱ्याच कोणाचं तरी असल्यासारखं मागे पडलं. आणि एक दिवस मेल आला. त्या शिष्यवृत्तीच्या माजी विद्यार्थ्यांना व्यावसायिक विकासासाठी अनुदान मिळणार होतं. आपल्या कामाशी संबंधित काहीतरी इथे येऊन शिका, येण्याजाण्याचं आणि राहण्याचं आम्ही बघू, परत जाऊन ते आपल्या ठिकाणी वापरा. शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमांत एक होता: शाळा आणि भूकंप. दीड महिन्याचा.

मी तो मेल नवऱ्याला वाचून दाखवला. माझा नवरा शेती करतो आणि उरलेल्या वेळात चेष्टा करतो.

"माजी सरपंच ऐकला, माजी आमदार ऐकला," तो म्हणाला. "माजी विद्यार्थी म्हंजे काय? माजलेला?"

मी म्हटलं, "हो. आणि मी भरणार नाही अर्ज."

"काहून?"

काहून, हे मी त्याला सांगितलं नाही. मुलगी दुसरीत होती. दीड महिना तिला त्या स्वयंपाकघरात सोडून जायचं, हा विचारसुद्धा मला करवत नव्हता. माझ्या मनात एक वेडी समजूत बसली होती, की मी भिंतीकडे बघते आहे तोवर ती पडणार नाही. असलं काही शिकल्यासवरल्या बाईने बोलून दाखवायचं नसतं.

अर्ज मी भरला तो शाळेत एका सकाळी जे घडलं त्यामुळे. वर्गात कविता चालू होती आणि जमीन घुरघुरली. पोरं माझ्याकडे बघायला लागली. बाई जपानला जाऊन आलेल्या, बाईंना माहीत असणार. आणि मला जे माहीत होतं तेच मी ओरडले: "टेबलाखाली! सगळे टेबलाखाली!" तिकडच्या वसतिगृहात आम्हाला तेच शिकवलं होतं. पोरांनी इकडेतिकडे पाहिलं. आमची पोरं सतरंजीवर बसतात. अख्ख्या वर्गात टेबल एकच, माझं. पुढच्या रांगेतल्या चारपाच जणांनी त्याच्याखाली मुसंडी मारली, बाकीचा वर्ग तसाच बसून राहिला, आणि मागची एक मुलगी अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "बाई, जागा न्हाई." तेवढ्यात घरघर थांबली. पोरं हसायला लागली. मी खुर्चीवर बसले. हातात खडू होता, तो मोडला होता.

मुख्याध्यापकांना वाटलं मी शाळेचं नाव गाजवायला अर्ज भरते आहे. त्यांनी पाठीशी उभं राहून सही दिली. मी रोज देवापुढे दिवा लावताना मागायची, की हे मला मिळू दे, आणि लगेच घाबरून मागायची, की नको मिळू दे. देवाचीसुद्धा पंचाईत झाली असेल.

मुलाखत लॅपटॉपवर होती. पुढच्या खोलीत मी साडी नीट करून बसले; नेट स्वयंपाकघरात ठेवलेल्या फोनवरून, कारण रेंज तिथेच. बाहेर नवरा राखणीला उभा, कोणी ट्रॅक्टर चालू करू नये म्हणून. मी उत्तरं पाठ केली होती. त्यात क्षमता होती, सक्षमीकरण होतं, समाजाचा सहभाग होता. पडद्यावरच्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे शिक्षण कशासाठी हवं आहे?" मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची."

मग जे सुरू झालं ते मला आवरता आलं नाही. पत्र्यावरचे दगड, टेबल, जागा न्हाई म्हणणारी मुलगी, सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या जपानीत. त्या बाई लिहीत होत्या. लॅपटॉप बंद करून मी बाहेर आले आणि नवऱ्याला म्हणाले, "संपलं. वेड्यासारखी बोलले." आतून मात्र सुटल्यासारखं वाटत होतं. त्या रात्री मी गाढ झोपले.

अनुदान मिळालं.

सगळ्यांनी पेढे खाल्ले. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"तिकडं रोजच हालतंय म्हंतेत," त्या म्हणाल्या. "आन् तू हितलं सोडून तिकडं चालली?"

"आत्याबाई, तिथली घरं हलतात, पण पडत नाहीत. तशी बांधलेली असतात. जीव जातो तो आपल्यासारख्या घरांत. जरा हललं की दगड सुटतात."

त्यांनी पेढा ताटलीत ठेवला. "मंग आमाला ठिवून चालली व्हय तू, पडायच्या घरात?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. माझी लेक त्यांच्या मांडीवर बसून पेढ्यावरचा पिस्ता खरवडत होती.

मी नवऱ्याच्या मागे लागले, की मी जायच्या आधी ती भिंत पाड. तो म्हणाला, "हळद शिजवायची चालू हाय. माणसं कुठून आणू? तू येईपस्तोर पाडतो, बघ." हळदीचे दिवस म्हणजे आमच्याकडे कोणाला मरायलाही फुरसत नसते, हे मला कळत होतं. तरी मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने निदान चूल आणि गॅस पुढच्या खोलीत हलवायचं कबूल केलं. आत्याबाईंनी गॅस पुन्हा मागे नेला. पुढच्या खोलीत, माणसांच्या येण्याजाण्यात, फोडणी घालायला त्यांना लाज वाटत होती. भीतीपेक्षा लाज मोठी असते, हे मला अभ्यासक्रमात कोणी शिकवलं नाही.

मग उरलेल्या दिवसांत मी एकच केलं. लेकीला पळायला शिकवलं. मी ताट वाजवायची, तिने असेल तिथून उठून अंगणातल्या हौदापाशी जायचं. चप्पल शोधायची नाही, दप्तर घ्यायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. तिला तो खेळच वाटला. ती दर वेळी जिंकायची आणि आत्याबाई गुडघे धरत, मला शिव्या घालत शेवटी यायच्या. निघायच्या दिवशी मी लेकीला जवळ घेऊन विचारलं, "आवाज आला की काय करायचं?"

"भायेर पळायचं."

"आणि कोणासाठी थांबायचं?"

"कोणासाठीच न्हाई." तिने मान हलवली, दोन्ही वेण्या उडाल्या. हिंगोलीच्या एसटीत बसेपर्यंत मी स्वतःला तेच उत्तर ऐकवत होते.

तिथे मी काय शिकले ते शाळेच्या अहवालात लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. पहिल्याच आठवड्यात तिथे धक्का बसला. जेवणाच्या खोलीतले दिवे झुलले, लोकांनी हातातले पेले धरून ठेवले आणि पुन्हा बोलायला लागले. मला तिथल्या जमिनीची भीती वाटली नाही. इतक्या लांबून आपल्या घरावर नजर ठेवता येत नाही, याची मात्र दिवसरात्र वाटत राहिली. हसताना एकदम आठवायचं, की आपण आत्ता बघत नाही आहोत, आणि हसू अर्धवट राहायचं.

तिकडची जेवणाची सुट्टी म्हणजे इकडची शाळेला निघायची वेळ. तेव्हा मी व्हिडिओ कॉल करायची. फोन घरी एकच, आत्याबाईंकडे असायचा, आणि त्याची बॅटरी उतरलेली असल्यामुळे तो स्वयंपाकघरातच चार्जरला लावून, फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे. मी विनवून पाहिलं, की पुढच्या खोलीत बसून बोला. आत्याबाई म्हणायच्या, "पुढं रेंज न्हाई बाई." ते खरंच होतं.

परत यायला थोडेच दिवस उरले होते. त्या दिवशी मी बागेतल्या बाकावर डबा उघडून बसले होते. फोनमध्ये लेक खाली पाट घेऊन बसलेली, आत्याबाई तिची वेणी घालत होत्या. एक वेणी झाली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते. ती मला सांगत होती, की नव्या बाईंनी तिला फळ्यावर बोलावलं. बोलता बोलता ती थांबली. पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. आधी मला वाटलं नेटवर्क गेलं. मग भांडी वाजली.

मी ओरडायच्या आधीच ती उठली होती. शिकवल्यासारखी, मागे न बघता, दारातून बाहेर. तिच्या मागे आत्याबाई, पदर सावरत. चित्रात नुसती खोली उरली. पाट, फणी, उघडा तेलाचा डबा आणि ती भिंत. घरघर थांबत नव्हती. वरून माती गळायला लागली, पत्र्यावरून काहीतरी गडगडत गेलं. आणि मी, कोणाला सांगू नये असं आहे, देवाची शपथ, मी हसले. पोरगी बाहेर होती. आता पडू दे, म्हटलं, पडायची तर पड एकदाची.

आणि ती परत आत आली.

मोकळे केस तोंडावर, अनवाणी. ती सरळ फळीकडे, माझ्याकडे आली. तिचा चेहरा मोठा होत होत सगळा पडदा भरून गेला. मी किंचाळले, "बाहेर जा! बाहेर जा गं!" बागेतली माणसं उठून उभी राहिली. ती ऐकत नव्हती. तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि ओढलं. चार्जरची पिन निघेना. तिने पुन्हा ओढलं. तिच्या डोक्यावर, केसांत, माती पडत होती, मला दिसत होती, आणि माझा हात काचेवर आपटण्यापलीकडे काहीही करू शकत नव्हता. बाहेरून आत्याबाईंचा आवाज येत होता, "आगं कुठं गेली, आगं माझ्या लेकरा!" मग एकदम पिन सुटली, सगळं गरगरलं, अंधार, दार, ऊन, आभाळ.

बराच वेळ नुसतं आभाळ आणि तिचा श्वास. मग तिने फोन सरळ केला. गालावर मातीचा ओघळ होता. ती रडत नव्हती, मीच रडत होते.

"कशाला गेलीस गं आत?" मी विचारलं. "सांगितलं होतं ना, कोणासाठी थांबायचं नाही?"

"तू आतच व्हतीस ना," ती म्हणाली. "आमी सगळे आलो, तूच राह्यलीस." मग तिने फोन आणखी जवळ घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या काळजीने विचारलं, "आलीस ना आई भायेर?"

"आले," मी म्हटलं. "आले गं."